हलू नका

वय झालं की माणसाचा मत्सर निवतो, असं म्हणतात. माझ्या बाबतीत तसं काही झालेलं नाही. गुडघे गेले, मोतीबिंदू काढून झाला, स्टुडिओची जागा मुलाने मोबाइलच्या दुकानाला भाड्याने दिली, पण नूरबीचं नाव निघालं की माझ्या पोटात अजून दुखतं. या दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन करून सांगितलं होतं की तुमच्या फोटोग्राफीच्या धंद्यावर लिहा, दुकान कसं काढलं, कसं वाढवलं, वगैरे. तो पाढा मी वाचणार नाही. दुकान काढलं तसं काढलं आणि वाढायचं तेवढं वाढलं. मी लिहिणार आहे ते नूरबीबद्दल. कॅमेरा हातात कसा धरायचा इथपासून तिला मी शिकवलं, आणि माझी झोप उडवण्यापलीकडे तिने कुणाचं काही वाईट केलेलं नाही.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. एसटी स्टँडकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझा स्टुडिओ होता. आत काश्मीरचा पडदा होता. तो रंगवणाऱ्या पेंटरने काश्मीर पाहिलेलं नव्हतं आणि सरोवरही पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यातली नाव पाण्यापासून वीतभर वर तरंगायची. एक कोट होता, तो सगळ्यांना बसायचा. बारक्या माणसाला तो मागून टाचण्या लावून घट्ट करायचा आणि जाड्या माणसाला नुसता पुढून पांघरायचा. आणि होता माझा कॅमेरा, तीन पायांवर उभा राहणारा, लाकडी, पितळी भिंगाचा.

हल्लीच्या मुलांना तो कसा चालायचा ते सांगितलं की हसू येतं. काळ्या कापडाखाली डोकं घालायचं. मागच्या काचेवर समोरचा माणूस उलटा दिसायचा, खाली डोकं वर पाय. त्याला तसाच नीट बसवायचा. मग बाहेर यायचं, भिंगावरची टोपी काढायची, मनातल्या मनात मोजायचं आणि टोपी परत लावायची. टोपी उघडी असेपर्यंत माणूस हलला, तर फोटो गेला. म्हणून दिवसभर माझ्या तोंडी दोनच शब्द असायचे, ‘हलू नका.’ माझी बायको म्हणायची की हे झोपेतही तेच बडबडतात.

माझं खरं नाव झालं होतं ते मात्र दुसऱ्याच कामात. त्या काळी खेड्यात बहुतेकांचा जन्मात एकही फोटो निघालेला नसायचा. म्हातारा माणूस गेला की घरच्यांना एकदम आठवायचं, अरे, भिंतीवर लावायला काहीच नाही. मग मेडशीहून, शिरपूरहून कुणीतरी सायकल मारत यायचं. ‘मास्तर, चाला, बुढा गेला.’ मी कॅमेरा बांधून निघायचो. मयताला भिंतीला टेकवून बसवायचं. पाठीमागे उशी किंवा ज्वारीचं अर्धं पोतं. हात गुडघ्यांवर ठेवायचे, हनुवटीखाली दोन बोटं घालून मान सरळ करायची. पुढचं काम सोपं असायचं, कारण मेलेला माणूस हलत नाही.

अवघड काम दुकानात आल्यावर. फोटोत डोळे मिटलेले असायचे, ते उघडायचे. छापलेल्या फोटोवर बारीक ब्रशने पापण्यांच्या जागी बुबुळं काढायची, बुबुळात उजेडाचा पांढरा ठिपका ठेवायचा, आणि त्या फोटोचा पुन्हा फोटो काढून मोठा करायचा. ठिपका केसभर सरकला की म्हातारा तिरळा झाला. या कामात माझा हात धरणारा आसपासच्या तालुक्यांत कुणी नव्हता, हे मी आजही छाती काढून सांगतो. एकदा एक शेतकरी बापाचा फोटो घेऊन परत आला. म्हणाला, ‘मास्तर, बाप लय गरीब दिसून राह्यला. असा नोहता तो. जरा रागीट करा ना.’ मी भुवया खाली ओढून दिल्या. फोटो हातात घेतल्यावर त्याने आधी डोक्यावरची टोपी सारखी केली, मग म्हणाला, ‘आता बाप वाटते.’

माझे वडील गेले तेव्हा त्यांचाही फोटो नव्हता. आयुष्यभर जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचलले, मुलगा फोटोग्राफर झाला, तरी ‘काढू निवांत’ म्हणता म्हणता राहूनच गेलं. मी त्यांना भिंतीला टेकवलं, हात गुडघ्यांवर ठेवले, हनुवटीखाली दोन बोटं घातली. माय दारात उभी राहून बघत होती. नंतर मी त्यांचे डोळे उघडले. इतकी मेहनत मी कुठल्या फोटोवर घेतली नव्हती. फ्रेम घरी आणली तेव्हा मायने ती हातात धरून बराच वेळ पाहिली.

‘हे त्याचे डोये नोहेत,’ ती म्हणाली. ‘हे तू काढले. चांगले काढले. पन त्याचे नोहेत.’

त्यानंतर ती माझ्या कॅमेऱ्यासमोर बसेना. मी विनवण्या केल्या, रागावलो, चिडलो. एकदा दाराआडून प्रयत्न केला, तर तिने पदर तोंडावर ओढला आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मी म्हटलं, ‘माय, आपून धम्माची दीक्षा घेतली. असं काहीबाही मानाचं नाही आता.’

‘मी मानून नाही राह्यली,’ ती म्हणाली. ‘मी पाहून राह्यली. त्या पेटीपुढं तू जित्यायपेक्षा मेलेलेच जास्त बसवतं. माहा नंबर आला की बसव मंग.’

माझी भीती नेमकी तीच होती. तिचा दमा वाढत चालला होता. उद्या ही गेली तर हिलाही मी भिंतीला टेकवणार आणि हिचेही डोळे मलाच ब्रशने उघडावे लागणार. ते डोळे तिचे नसणार आणि ते मला रोज बघावे लागणार. आख्ख्या तालुक्याला मी डोळे दिले, पण स्वतःच्या आईचे खरे, उघडे डोळे मला फोटोत हवे होते, ते काही मिळत नव्हते.

याच दिवसांत लीलाताई दुकानात आल्या. गावाबाहेर बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात खोल्या पाडून एका संस्थेने एकट्या बायकांसाठी आधारगृह काढलं होतं. गावात त्याला बायकांचं बोर्डिंग म्हणायचे. दुष्काळी कामावर खडी फोडून जगलेल्या आणि नंतर परतायला घर न उरलेल्या, नवऱ्याने टाकलेल्या, सासरहून पळून आलेल्या बायका तिथे राहायच्या. एकेकीला खोली, स्वतःची चूल, आणि पायावर उभं राहीपर्यंत सोबत. लीलाताई तिथल्या अधीक्षक. बायकांना तेच ते शिवण आणि पापड शिकवून त्या कंटाळल्या होत्या.

‘मास्तर, कुणीतरी दोन जुने पेटी कॅमेरे देणगी दिलेत,’ त्या म्हणाल्या. ‘दर रविवारी येऊन बायकांना शिकवाल का?’

‘बायका फोटो काढणार?’ मी विचारलं.

‘बायका खडी फोडतात, तेव्हा नाही कुणी विचारत,’ त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मास्तर हा शब्द मला आवडायचा, आणि आता त्याला साजेसा वर्ग मिळत होता.

पेटी कॅमेरा म्हणजे नावाप्रमाणे पेटीच. मोजायची भानगड नाही, टोपी नाही. पोटाशी धरायचा, वरच्या चौकोनी काचेत खाली मान घालून बघायचं आणि खटका दाबायचा. एका रोलमध्ये आठ फोटो. मी शिकवलं की सूर्य पाठीशी ठेवा, कोपरं बरगडीला लावा, श्वास रोखा आणि समोरच्याला सांगा, हलू नका. लीलाताईंनी एक नियम घातला होता. इथल्या बायकांचे फोटो बाहेर लागणार नाहीत, माझ्या दुकानाच्या काचेत तर नाहीच. कुणाचा नवरा कुठून बघेल याचा नेम नव्हता.

पहिल्या रोलमध्ये बऱ्याच जणींचे अंगठे आले. मेडशीची पार्वती फक्त म्हशीचे फोटो काढायची. काहून म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘म्हैस काही म्हनत नाही ना जी.’ नूरबी मात्र रोल संपवतच नव्हती. ती कामरगावची, अंगाने सडसडीत, बोलायला तोडून. नवऱ्याने दुसरी आणली आणि हिला एसटीत बसवून दिलं, एवढं मला लीलाताईंकडून कळलं होतं. स्वतःचा फोटो ती कुणाला काढू द्यायची नाही. ‘ज्यानं हाकललं त्याच्या हाती माहं तोंड कायले लागू देऊ?’ म्हणायची. दोन रविवार गेले तरी तिच्या रोलमधला एकही फोटो निघाला नव्हता.

‘अवो, काढा ना,’ मी म्हटलं. ‘संपवा रोल.’

‘अजून दिसून नाही राह्यलं, मास्तर.’

‘काय दिसत नाही? ऊन आहे, माणसं आहेत.’

‘माणसं हायेत. पन ते मले पाहून राह्यले. मले पाहनं सोडून देतीन तवा काढीन.’

मी मनात म्हटलं, ही काही शिकणार नाही.

बायकांचे रोल धुवायला माझ्याच डार्करूममध्ये यायचे, दुसरीकडे कुठे जाणार? डार्करूम म्हणजे खिडक्या बुजवलेली खोली आणि लाल दिवा. छापायचा कागद औषधाच्या तबकात टाकला की हळूहळू त्यावर फोटो उमटतो. नूरबीचा पहिला रोल धुतला आणि कागद तबकात टाकला, तर पार्वती वर येऊ लागली. उंबऱ्यावर बसून दुसऱ्या एका बाईच्या डोक्याला तेल लावत होती. दोघींचं काहीतरी बोलणं चाललं होतं. पार्वतीचं तोंड अर्धं उघडं होतं, आणि मला खात्री आहे की पुढचा शब्द तिच्या जिभेवर होता. माझ्या दुकानात तोवर हजारो माणसं बसली असतील, सगळी श्वास रोखून बसलेली. या दोघी श्वास घेत होत्या. मी तो कागद चिमट्याने उचलून दिव्याजवळ धरला आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी शिकवलेली एकही गोष्ट तिने पाळली नव्हती. सूर्य पाठीशी नव्हता आणि हलू नका असं तर ती म्हणालीच नसणार.

ती हे कसं करते ते मी पुढच्या रविवारी बघून घेतलं. आम्ही फोटोग्राफर माणसावर नजर रोखतो. नूरबी पेटी पोटाशी धरून खाली मान घालायची आणि डोक्यावरचा पदर पुढे यायचा. समोरच्या बाईला वाटायचं की ही काहीतरी निवडत-टिपत बसली आहे. मग नूरबी विचारायची, भाजीत तीळ घातले का जवस? बाई सांगू लागायची. बोलण्यात रंगली की खटका. एवढंच. मला सगळं समजलं आणि तरी जमेना. मी तसं करून बघितलं, तर पार्वती म्हणाली, ‘मास्तर, तुमी भाजीचं कायले इचारता? फोटू काढा ना मुकाट्यानं.’

पुढच्या हिवाळ्यात बाजारातले कापडवाले हाजीसाहेब दुकानात आले. त्यांच्या मुलीचा फोटो हैदराबादच्या स्थळाला पाठवायचा होता. ती मुलगी माझ्याकडे येऊन गेली होती. परक्या पुरुषासमोर तिची नजर जमिनीवरून उठेना. दोन वेळा काढला, दोन्ही वेळा पापण्यांचाच फोटो आला. मेलेल्यांचे डोळे मी उघडत असे, पण जिवंत मुलीचे ब्रशने उघडून स्थळाला कसे पाठवणार? शेवटी नूरबी त्यांच्या घरी गेली. फोटो धुवून, छापून मीच दिला. मुलगी खिडकीशी उभी राहून सरळ बघत होती, अगदी माझ्याकडे बघितल्यासारखी.

‘मास्तर, आपकी शागिर्द ने तो कमाल कर दिया,’ हाजीसाहेब म्हणाले. ‘आखिर हुनर तो आप ही का है.’

मी हसलो. असं कौतुक ऐकण्यापेक्षा शिव्या बऱ्या. मग त्या मोहल्ल्यातल्या बायका नूरबीलाच बोलवू लागल्या. माझ्याकडे तिथल्या पुरुषांचे पासपोर्ट फोटो तेवढे उरले, आणि नूरबीचे रोल धुणं. घरी मी चिडचिड केली, तर बायको ताटात भाकरी वाढत म्हणाली, ‘शिकवलं कोनं? तुमीच ना? मंग आता कोनावर फुगून राह्यले?’ एक गोष्ट मात्र माझ्या बाजूने लिहून ठेवतो. नूरबीचा एकही फोटो मी वाईट छापला नाही. कुठे काळं जास्त ठेवायचं, कुठे चेहऱ्याला थोडा जास्त उजेड द्यायचा, हे मी माझ्या स्वतःच्या कामासारखं करत होतो. तबकात तिचं प्रत्येक माणूस वर येताना दात-ओठ खायचो आणि छापायचो.

आता माय. ती पापड घ्यायला बोर्डिंगमध्ये जाऊ लागली होती. पुढे पुढे पापडांशिवायच जायची. परत आली की नूरबीचं कौतुक सुरू. ‘पोरगी लय गुनाची हाय गा. मानसाले मानसावानी पाह्यते.’ हे मला जेवताना ऐकावं लागायचं. एके दिवशी मी घास खाली ठेवून म्हटलं, ‘माय, तिच्या कॅमेऱ्यापुढं बसशीन का?’

माय विचारात पडली. ‘त्या पेटीनं कोनी मेलेला नाही काढला ना?’

‘एकबी नाही.’

‘मंग बसीन.’

एवढं ऐकल्यावर मी वेळ घालवला नाही. पण नूरबीला फोटो काढायला बोलवायचं माझ्या मनातही आलं नाही. माझ्या आईचा फोटो मीच काढणार होतो, फक्त पेटी तिची आणणार होतो. नूरबीने ती काही न विचारता दिली. ‘रोल टाकला हाय,’ एवढंच म्हणाली.

तुरीचे दिवस होते. माय अंगणात हिरव्या शेंगा सोलून सोले काढत बसली होती. मी स्टूल आणलं, पांढऱ्या भिंतीला लावलं, तिला बसवलं. मांडीवरचं सूप बरं दिसणार नाही म्हणून काढून घेतलं. पदर सारखा केला. माझा आनंद मनात मावत नव्हता, हात आपोआप चालत होते. मी तिचे हात उचलून गुडघ्यांवर ठेवले. हनुवटीखाली दोन बोटं घालून मान सरळ केली. मागे सरकलो, पेटी पोटाशी धरली, खाली मान घातली आणि म्हटलं, ‘हलू नको.’

काचेत माय इवलीशी दिसत होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. गुडघ्यांवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत होती.

‘तुह्या बापाले असंच बसवलं होतं तू,’ ती म्हणाली.

मी मान वर केली.

‘पेटी बदलून आनली लेका,’ ती उठत म्हणाली, ‘पन हात तेच हायेत ना.’ तिने सूप उचललं आणि आत निघून गेली. मी अंगणात उभा होतो. खटका दाबलेला नव्हता. दोष कॅमेऱ्याचा नव्हता, हे तिला आधीपासून माहीत होतं की त्या क्षणी कळलं, ते मी कधी विचारलं नाही. पेटी परत करताना मी नूरबीला काय झालं तेही सांगितलं नाही.

त्यानंतर काही दिवसांनी नूरबीचा नेहमीसारखा रोल आला. दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. एकेक कागद तबकात टाकत होतो. एका कागदावर आधी सुपाची कड आली. मग शेंगांची टरफलं. मग एक पांढुरका पट्टा आला, तो काय आहे ते कळेना. मग लुगड्याचे काठ आले आणि मी तबकावर वाकलो.

माय हसत होती. तोंड उघडं, वरचे पडलेले दात दिसताहेत, पदर खांद्यावर आलेला. मी तिला तशी हसताना किती दिवसांत पाहिली नव्हती ते मला आठवेना. आणि डोळे उघडे होते. तिचे होते. कुणी काढलेले नव्हते. मी तो कागद वेळेत दुसऱ्या तबकात टाकायचं विसरलो, तो काळा पडला, मग दुसरा छापला. माझा ऊर भरून आला होता हे खरं, आणि त्याच उरात आग लागली होती हेही खरं. जे मला आयुष्यभर हवं होतं, ते माझ्याच तबकात, माझ्याच हाताने वर येत होतं आणि काढलेलं दुसऱ्याने होतं. एवढा एक आनंद तरी निर्भेळ मिळावा, तोही मिळाला नाही.

छापलेला फोटो घेऊन मी तडक बोर्डिंगमध्ये गेलो. नूरबी चुलीशी होती.

‘हे कधी काढलं?’

‘परवा. बुढीमाय शेंगा घिऊन आली होती, इथंच सोलत बसली.’ ती जरा घाबरली. ‘काहून, काढाचा नोहता काय?’

‘माय बोलत काय होती?’ मी विचारलं. ‘एवढी कशावर हसत होती?’

नूरबीने पदराचं टोक तोंडावर धरलं. ‘सांगू का? राग नाही ना येनार? तुमचीच नक्कल करून राह्यली होती, मास्तर. “हलू नको, हलू नको,” म्हने. आन् हात असा करे.’ तिने दोन बोटं उचलून हवेत कुणाची तरी हनुवटी सरळ केली. आजूबाजूच्या बायका हसायला लागल्या. त्या सगळ्यांना ती नक्कल पाठ होती.

मग मला तो पांढुरका पट्टा कळला. तो मायचा उजवा हात होता. दोन बोटं पुढे करून वर जाणारा, आणि खटका दाबला तेव्हा हललेला. म्हणजे माय ज्याच्यावर हसत होती तो मी, आणि जिच्याकडे बघून हसत होती ती नूरबी. घरी येईपर्यंत मला ठरवता येईना की या बाईचे उपकार मानू की तिचं तोंड बघणं सोडून देऊ. शेवटी दोन्ही केलं नाही. रोल धूत राहिलो.

पुढच्या पावसाळ्यात माय गेली. नातेवाईक जमले. मामांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘बाबू, कॅमेरा नाही काढला? टेकवून बसवाचं काय तिले?’ सगळा तालुका माझ्याकडून ते करून घेत होता, तेव्हा त्यांचं विचारणं बरोबरच होतं. मी म्हटलं, ‘नाही. फोटो हाय तिचा.’ मी तिला कुठेही टेकवलं नाही, तिच्या हनुवटीला हात लावला नाही. ब्रश त्या दिवशी कोरडा राहिला आणि डोळे मिटले ते मिटलेलेच राहू दिले.

चार दिवसांनी नूरबी भेटायला आली. भिंतीवर फ्रेम लावलेली होती, वडिलांच्या शेजारी. ती फ्रेमसमोर उभी राहिली, डोळे पुसले, आणि मग मी बघितलं की ती मायच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. तिची नजर खाली होती.

‘हात हलला, मास्तर,’ ती म्हणाली. ‘मले तवाच वाटलं होतं, खराब झाला म्हनून. तुमी काढला असता तर बोट न् बोट साफ आलं असतं. तुमच्या फोटोतलं मानूस किती साफ रायते! मी लय पाह्यते तुमच्या काचीतले फोटू. जीव जळते माहा. मले तसं नाहीच जमत.’

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. ही माझ्यावर जळत होती!

‘तुमच्यापाशी तर बरश हाय,’ ती पुढे म्हणाली. ‘मेल्याचे डोये उघडता तुमी. एवढा हात सुधरून टाका ना. बुढीमायच्या फोटूत माही चूक कायले ठिवता?’

मी म्हटलं, ‘बघू.’

तो हात मी सुधारला नाही. ब्रश घेऊन फ्रेमसमोर उभासुद्धा राहिलो नाही. घरी येणारे लोक आजही त्या फोटोसमोर थांबतात आणि म्हणतात, ‘मास्तर, काय जिवंत काढला आईचा फोटो!’ बायको शेजारीच उभी असते, त्यामुळे मला सांगावं लागतं की नूरबीने काढला. नूरबी पुढे अकोल्याला गेली. तिचं स्वतःचं दुकान झालं, कितीतरी मुलींना कॅमेरा शिकवला तिने, आता तीही माझ्यासारखी म्हातारी झाली आहे. कधी लग्नाकार्यात भेटली की तिचा पहिला प्रश्न तोच असतो, ‘मास्तर, तो हात अजून तसाच ठेवला काय?’ मी मान हलवतो आणि ती ओशाळून हसते.

तिला अजून वाटतं की तो हात चुकला. चुकला नाही, त्या फोटोत सगळ्यात चांगला तोच आहे, हे मी तिला आजवर सांगितलेलं नाही. दिवाळी अंक ती वाचत नाही हे मला माहीत आहे, म्हणून तर इथे लिहितो आहे. आईचं हसू तिचं, डोळे तिने मिळवलेले, फोटो तिचा. तो हललेला हात तेवढा माझा आहे. तोही तिला कुठे देऊन टाकू?